वसईच्या १७३९ बद्दल फिरणारा मजकूर: काय खरे, काय खोटे

मे महिना उजाडला की डहाणूपासून सावंतवाडीपर्यंत फोनाफोनीतून एक मजकूर फिरू लागतो. त्याचा सारांश असा. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी एकाच हल्ल्यात वसई घेतली आणि पोर्तुगीज कोकणातून कायमचे गेले. त्यांची सगळी चर्च पाडली गेली आणि चर्चमधल्या घंटा मंदिरांना वाटल्या गेल्या. म्हणून ज्या मंदिरात क्रूस असलेली घंटा दिसेल ती वसईचीच. या घंटा पंचधातूच्या, त्यात सोनेही आहे. वसईचे आजचे ख्रिस्ती म्हणजे मागे राहिलेले पोर्तुगीज, आणि पोर्तुगीज भाषा त्याच वर्षी कोकणातून नाहीशी झाली. शेवटी एक आवाहन असते: आपल्या गावची अशी घंटा शोधा, घासून चकचकीत करा, फोटो टाका.

वसईच्या विजयाचे मोल मोठेच आहे. १५३४ च्या तहापासून दोनशे पाच वर्षे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे (गोव्याच्या उत्तरेकडच्या त्यांच्या मुलखाचे) मुख्य ठाणे असलेला किल्ला मराठ्यांनी घेतला, आणि त्याचे परिणाम आजच्या कोकणात पूजेत, बोलीत, आडनावांत, यात्रांत दिसतात. म्हणूनच हा मजकूर दुरुस्त करायला हवा. त्यात जे सांगितले आहे त्यापेक्षा खरा इतिहास जास्त गुंतागुंतीचा आहे आणि जास्त अभिमानाचाही.

एकाच हल्ल्यात वसई पडली?

नाही. मोहीम १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी (आजच्या मुंबई उपनगरांचे बेट) घेऊन सुरू झाली आणि दोन वर्षे चालली. १७३९ च्या जानेवारीत केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर अशी ठाणी एकामागून एक घेतली गेली. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर पडले. वसईला वेढा बसला तो फेब्रुवारीत. किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र, खाडी आणि दलदल. सुरुंग लावून तट उडवता येईल अशी बाजू एकच, उत्तरेची, जमिनीकडची. वाळूतून मोर्चे पुढे सरकवत तटाच्या पायापर्यंत पोहोचायलाच आठवडे गेले. मे महिन्यात सुरुंग पेटले, पण काही वेळेवर उडाले नाहीत आणि उशिरा उडाले तेव्हा खिंडारात शिरलेले आपलेच लोक त्यात सापडले. सॅन सेबॅस्टियनच्या बुरुजाला पडलेल्या खिंडारावर पोर्तुगीज चिकाटीने लढले. या वेढ्यात मराठ्यांची पाच हजारांवर माणसे पडली. तेव्हा ‘एकाच हल्ल्यात’ म्हणणे म्हणजे या माणसांचे मरण हिशेबातून काढून टाकणे आहे.

तारखेचा घोळही इथेच मिटवून टाकू. कुणी ५ मे लिहितो, कुणी १६ मे, आणि दोघे भांडतात. दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन दिनगणना वापरत होते, पोर्तुगीज १५८२ पासूनच नवी ग्रेगोरियन. अठराव्या शतकात दोन्हींत ११ दिवसांचे अंतर होते. शरणागतीचा करार जुन्या गणनेने ५ मे, नव्या गणनेने १६ मे. पोर्तुगीज किल्ल्याबाहेर पडले ते जुन्या १२ मेला, म्हणजे नव्या २३ मेला. तारीख लिहिताना गणना कोणती ते सोबत लिहिले की झाले.

क्रूस दिसला की घंटा वसईचीच?

मजकुरातला सर्वांत लोकप्रिय दावा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

मुळात खरे काय ते आधी सांगतो. या मोहिमेतल्या घंटा मंदिरांना वाहिल्या गेल्या, यात शंका नाही. भीमाशंकरच्या आवारात, पालीच्या बल्लाळेश्वराला, नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर अशा घंटा आहेत. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियम आणि १७०७ हे साल आहे, नारोशंकराच्या घंटेवर १७२१. ही परंपरा लोकांनी पावणेतीनशे वर्षे जपली आहे आणि ती खरीच आहे.

पण ‘वसईची’ हा शब्द सरसकट लावता येत नाही. मोहिमेत फक्त वसई शहर घेतले गेले नव्हते. ठाणे, वांद्रे, वेसावे, केळवे-माहीम, तारापूर, डहाणू ही सगळी पोर्तुगीज ठाणी होती आणि जवळजवळ प्रत्येक ठाण्यात एखादे तरी चर्च होते. त्याच १७३९ च्या सुरुवातीला बाजीरावांचे मेहुणे व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या साष्टीत शिरले आणि त्यांनी मडगाव घेतले. वाडीच्या सावंतांनी गोव्याच्याच बारदेशात धडक मारली. म्हणजे तळकोकणातल्या एखाद्या देवळात क्रूसाची घंटा असेल तर ती वसईहून दीडशे कोस आणली असे समजण्याआधी शेजारचा बारदेश आठवावा. त्यात साष्टी नावाची गफलत आहे: एक साष्टी ठाण्याची, दुसरी गोव्याची. जुन्या कागदात नुसते ‘साष्टीहून आणली’ असेल तर मोहीम कोणती, सरदार कोण, हे पाहिल्याशिवाय निर्णय होत नाही. त्याच्याही आधी, १६८३ मध्ये, संभाजी महाराजांनी चौल आणि गोव्याच्या पोर्तुगीज मुलखावर स्वारी केली होती. शिवाय आंग्र्यांनी समुद्रावर धरलेल्या जहाजांवरही घंटा असत.

घंटेवरचे साल इथे उपयोगी पडते, पण त्याचा उपयोग मर्यादित आहे. ते साल घंटा ओतल्याचे असते, मंदिरात आल्याचे नव्हे. १७०७ किंवा १७२१ साल असेल तर १६८३ ची स्वारी बाद होते, कारण तेव्हा घंटा जन्मलीच नव्हती. १६५० साल असेल तर काहीच बाद होत नाही. आणि साल १७३९ नंतरचे निघाले तर ती वसईच्या लुटीची असूच शकत नाही, मग त्यावर कितीही मोठा क्रूस असो.

घंटा वाचायची रीत अशी. देवस्थानाच्या विश्वस्तांना आणि गुरवांना विचारूनच हात लावावा. संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च समोरून न धरता घंटेला जवळजवळ चिकटून बाजूने धरावा. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरेही सावली टाकतात आणि फोटोत उठून दिसतात. तेवढ्याने भागले नाही तर बटर पेपर चिकटपट्टीने घट्ट बसवून मेणाचा रंगखडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवावा. कणीक, खडूची भुकटी, शेंदूर अक्षरांत भरू नये: कणकेला ओल धरते आणि खडूने धातू घासला जातो.

आधी अक्षरे उठावाची आहेत की कोरलेली, ते पाहावे. युरोपातले ओतारी मेणाची अक्षरे साच्याच्या आतल्या नमुन्यावर चिकटवत, त्यामुळे ओतीव मजकूर पृष्ठभागाच्या वर येतो. छिन्नीने खोदलेला मजकूर आत जातो आणि तो नंतरचा असतो. उठावाची रोमन अक्षरे आणि खोदलेली देवनागरी अक्षरे एकाच घंटेवर असतील तर पहिला मजकूर चर्चचा, दुसरा मंदिराचा. दोन्ही स्वतंत्र नोंदवावेत. उलटे पडलेले एन अक्षर हे बनावटीचे लक्षण नाही. साचा उलटा असतो, ओताऱ्याचा गोंधळ होई. यू च्या जागी व्ही दिसेल. सालातला १ आणि ७ झिजल्यावर सारखे दिसतात, म्हणून एकाच फोटोवरून साल जाहीर करू नये.

चिन्हांतून घंटा पाद्र्यांच्या कोणत्या संघाची ते कळते. आय-एच-एस ही तीन अक्षरे जेझुइटांची खूण, पण इतरांनीही वापरलेली, म्हणून एकट्या त्या अक्षरांवर विसंबू नये. एकमेकांवर आडवे टाकलेले दोन हात फ्रान्सिस्कनांचे, बाणाने भेदलेले हृदय ऑगस्टिनियनांचे. तीन पायऱ्यांवर उभा क्रूस कुठल्याही चर्चच्या घंटेवर येतो. संताचे नाव वाचता आले तर फार मोठे काम होते. मग त्या संताच्या नावाचे चर्च उत्तर प्रांतात कुठे कुठे होते ते शोधता येते आणि ‘वसईची’ या मोघम शब्दाच्या जागी एखादे गाव येऊ शकते.

अक्षरेच नसतील तर घडण पाहावी. चर्चची घंटा कमरेत आत जाऊन काठाला फाकते आणि लोलक बसतो तिथे काठ जाड असतो, साधारण व्यासाचा तेरावा भाग. ६५ सेंटिमीटर व्यास असेल तर तिथली जाडी ५ सेंटिमीटरच्या आसपास यावी. आपल्याकडच्या देवळाच्या घंटेचा घेर बहुधा सरळ उतरतो आणि काठ त्या मानाने पातळ असतो. चर्चच्या घंटेच्या माथ्यावर ओतीव कड्यांचा जुडगा असतो, कारण ती जड लाकडी जोखडाला बांधून अख्खी हलवली जात असे. देवळात जोखड जाते, कड्यांतून साखळी ओवली जाते आणि घंटा जागेवर राहून नुसता लोलक हलतो. २०–३० सेंटिमीटर व्यासाची, जहाजाचे नाव असलेली घंटा मिळाली तर ती जहाजावरची धरावी.

वजनाचे आकडे तर बेधडक फिरतात. युरोपीय घडणीच्या घंटेचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा घन करा, ६०० ने गुणा; किलोमध्ये ठोकळ वजन येते. ५० सेंटिमीटरला ७५ किलो, ८० सेंटिमीटरला ३०० किलो, १ मीटरला ६०० किलो. मेणवलीच्या घंटेचे वजन ६५० किलो सांगतात. त्यासाठी व्यास १०३ सेंटिमीटरच्या आसपास हवा, म्हणजे आकडा शक्यतेतला आहे. नारोशंकराच्या घंटेचा व्यास सहा फूट असल्याचे जागोजाग छापलेले आहे. सहा फूट व्यास म्हणजे साडेतीन टनांहून जास्त वजन. तेच सहा फूट परीघ असेल तर व्यास ५८ सेंटिमीटर आणि वजन सव्वाशे किलोच्या आत. दोन्हींतला फरक जवळजवळ तीसपट. तेव्हा कुणाचा तरी आकडा पुढे ढकलण्यापेक्षा टेप लावून व्यास आणि परीघ दोन्ही मोजावेत. परीघ भागिले ३.१४ बरोबर व्यास आला की माप बरोबर.

पंचधातू आणि सोने

घंटेचा धातू म्हणजे कासे: साधारण ७८ टक्के तांबे, २२ टक्के कथील. ज्या काशाच्या वाटीने तळपाय घासतात त्याच जातीचे. कथील एवढे का? कमी घातले तर धातू चिवट राहतो पण नाद लवकर विझतो. जास्त घातले तर नाद चढतो पण घंटा काचेसारखी ठिसूळ होते. सोन्याने नादात काही भर पडत नाही आणि ओतारी ते घालत नसत. घंटेत सोने असल्याची अफवा नुसती चुकीची नाही, धोक्याची आहे: आडरानातल्या देवळांतल्या घंटांवर चोरांची नजर जायला एवढी अफवा पुरे.

सगळी लूट मराठ्यांच्या हाती लागली, हेही त्याच पठडीतले. वेढा चालू असतानाच वसईच्या पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांकडून १५,००० रुपये कर्ज काढले होते आणि तारण म्हणून चर्चची चांदीची भांडी आणि काही पितळी तोफा दिल्या होत्या. शरणागतीच्या करारानेही त्यांना चल मालमत्ता घेऊन जायला आठ दिवसांची मुदत मिळाली. चांदी पेटीत भरून गलबतावर चढवता येते; मनोऱ्यावरची तीन-चारशे किलोंची घंटा आठ दिवसांत उतरवून, खाडीपर्यंत ओढून, होडीत चढवणे वेगळे. घंटा मागे राहिल्या याचे हे सरळ कारण दिसते.

पोर्तुगीज कायमचे गेले?

उत्तर प्रांत गेला, पण पोर्तुगीज गेले नाहीत. रेवदंडा आणि कोर्लईचा किल्ला १७३९ मध्ये पडलाच नव्हता. तो १७४० च्या तहाने, इंग्रज कप्तान इंचबर्डच्या मध्यस्थीने, मराठ्यांकडे आला. दमण त्यांच्याकडेच राहिले. दक्षिणेत तर त्यांचा मुलूख वाढला: १७४६ मध्ये तेरेखोल सावंतांकडून गेले, १७८८ मध्ये पेडणे. १७७९ च्या तहान्वये पेशव्यांनीच त्यांना नगर हवेलीचा महसूल दिला. दादरा-नगर हवेली १९५४ मध्ये मोकळी झाली, गोवा आणि दमण १९६१ च्या डिसेंबरमध्ये. तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर, महाराष्ट्राच्या बाजूला, किल्ल्याभोवतीचा छोटासा तुकडा गोव्याचा का, हा प्रश्न आजही प्रवाशांना पडतो. त्याचे उत्तर १७३९ मध्ये नाही, १७४६ मध्ये आहे.

आणि वसई तरी मराठ्यांकडे सलग राहिली का? १७८० च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती गॉडर्डने ती घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने परत मिळाली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. मुंबई उपनगरांचा पुढचा सगळा इतिहास त्या एका कलमातून निघतो. ३१ डिसेंबर १८०२ ला याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून स्वातंत्र्य गहाण टाकले. वसईचे स्मरण करताना ही तारीख वगळून चालत नाही.

सगळी चर्च पाडली?

वेढ्यात बरीच पडझड झाली आणि काही चर्चची नासधूसही झाली, हे खरे. पण करारातच वसई शहरात तीन, वसईच्या मुलखात एक आणि साष्टीत एक अशी पाच चर्च ठेवण्याची मुभा होती. युरोपीय पाद्री गेले, एतद्देशीय पाद्री राहिले. १७६० मध्ये साष्टीतून गेलेला फ्रेंच प्रवासी आंकेतिल द्युपेरों मराठी अमलाखाली ख्रिस्ती लोक आपले सण उघडपणे, मोठ्या गर्दीने साजरे करताना पाहून लिहून गेला आहे. विजयी सत्तेने हरलेल्यांच्या धर्माला जागा ठेवली, ही गोष्ट मजकूर लिहिणाऱ्याने गाळली. आम्हाला ती या विजयाची सर्वांत मोठी बाजू वाटते.

मग किल्ल्यातली चर्च आज उघडी-बोडकी का? कोकणातल्या पावसात बिनछपराची इमारत ठरलेल्या क्रमाने ढासळते. वस्ती उठली की पहिल्यांदा कौले आणि सागवानी वासे जातात, कारण त्यांना बाजारात किंमत असते. मग भिंतीचा माथा उघडा पडतो, पाणी वरून गाभ्यात उतरते आणि दोन दर्शनी थरांमधला चुना-दगडाचा भराव धुऊन निघतो. दर्शनी दगड फुगून सुटतात. फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ रुजतो आणि त्याच्या मुळ्या कमान उकलतात. सेंट जोसेफच्या चर्चचा मनोरा टिकला कारण त्याच्या भिंती जाड आणि घेर लहान. मोठ्या सभामंडपांची छपरे गेली. ब्रिटिश अमदानीत किल्ल्यातली जमीन भाडेपट्ट्याने दिली गेली, आत साखरेचा कारखानाही चालला. या सगळ्याचा दोष मे १७३९ च्या एका आठवड्यावर टाकता येत नाही.

मागे राहिलेले पोर्तुगीज?

वसईचे सामवेदी, वाडवळ आणि कोळी ख्रिस्ती हे इथल्याच मातीतले. सोळाव्या-सतराव्या शतकात धर्मांतर झाले, आडनावे बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज मिळाली, घरातली बोली मात्र मराठीच राहिली. सामवेदी बोली ऐका: ती मराठीची बोली आहे आणि ख्रिस्ती-हिंदू दोन्ही सामवेदी घरांत चालते. वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. ‘सुवार्ता’ हे त्यांनी वर्षानुवर्षे चालवलेले मासिक मराठीत निघते. या माणसांना पोर्तुगीज म्हणणे अज्ञानाचे तर आहेच, शेजाऱ्याला परका ठरवणारेही आहे.

याच्या बरोबर उलट चित्र कोर्लईत आहे आणि मजकुराच्या शेवटच्या दाव्याला तेच उत्तर आहे. रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशी, किल्ल्याच्या पायथ्याला असलेल्या या गावात पोर्तुगीजातून घडलेली बोली आजही बोलली जाते. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’, आपली भाषा, म्हणतात. संख्या हजाराच्या आत. १७४० मध्ये किल्ला गेला, पोर्तुगीज गेले; हे ख्रिस्ती गावकरी राहिले. शेजारच्या गावांशी लग्नसंबंध नव्हते, म्हणून बोली घरात टिकली. बाजार, शाळा, कचेरी मराठीत, म्हणून तिचा सांगाडा मराठीसारखा झाला. शब्द पोर्तुगीजातून आलेले, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात चर्चची प्रार्थना पोर्तुगीजातून मराठीत आली, खाडीवर पूल झाला, मुले बाहेर शिकू लागली. आता बोलीवर खरा ताण आहे तो आजचा. १७३९ ने तिला संपवले नाही. उलट लिस्बन आणि गोव्यापासून तोडून तिला स्वतःच्या वाटेने जायला लावले.

मजकुरात वज्रेश्वरीचा उल्लेखच नसतो, याचे आश्चर्य वाटते. भिवंडी तालुक्यात तानसेच्या काठी असलेले हे देऊळ या विजयाशी थेट बांधलेले आहे. चिमाजी आप्पांनी देवीला नवस केला आणि विजयानंतर वसईचे सुभेदार शंकराजी केशव फडके यांनी देऊळ उभारले, अशी परंपरा आहे. किल्ल्यासारखा तट, वर नगारखाना, चढायला बावन्न पायऱ्या. चैत्रातल्या यात्रेला येणाऱ्या किती जणांना वसईची आठवण असते कोण जाणे, पण विजयाची सर्वांत जिवंत खूण तीच.

घासून चकचकीत करा?

कृपा करून करू नका. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांनी आधी उठाव झिजतो, आणि उठावच तर पुरावा आहे. काशावरचा तपकिरी-हिरवट थर बहुधा धातूला धरून असतो. त्याने घंटा खराब होत नाही. धूळ आणि तेलाची पुटे मऊ कोरड्या फडक्याने, फार तर कोमट पाणी आणि मऊ ब्रशने काढावीत आणि लगेच कोरडे करावे. सोनेरी ऑइलपेंट तर मुळीच नको: अक्षरे बुजतात, नाद बसतो आणि तडा गेला तरी दिसत नाही. हिरवी भुकटी बोटाला लागत असेल, खाली खड्डे पडत असतील, तर ते खाऱ्या हवेचे काम. तिथे स्वतः घासाघाशी न करता धातूच्या जतनाचा जाणकार बोलवावा.

खरा धोका लोलकाचा असतो. जागेवर टांगलेल्या घंटेत लोलक शतकभर त्याच दोन ठिकाणी बसतो आणि तिथे वाटीसारखा खळगा पडतो. खळगा काठाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढा झाला की घंटा माथ्यावर पाव फेरा फिरवून नवी जागा द्यावी. जुना लोलक तुटला म्हणून वर्कशॉपमधून कडक पोलादाचा जाड दांडा बसवतात, तीही घोडचूक. लोलक मऊ लोखंडाचा, घंटेच्या वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के हवा आणि तो बरोबर जाड काठावर बसला पाहिजे. लांब झाला तर पातळ ओठावर बसतो आणि कपची उडते. आखूड झाला तर कमरेवर आदळतो आणि तडा जातो. नाद अचानक फुटक्या मडक्यासारखा आला तर त्याच क्षणी वाजवणे बंद करून लोलक दोरीने बांधून ठेवावा. नेहमीचे वेल्डिंग करू नये: काशाला एका जागी आच लागली की तडा पुढे पळतो, अख्खी घंटा भट्टीत तापवून सावकाश निववणारेच हे काम करू शकतात.

आणि किनाऱ्यावरच्या देवळांनी एक गोष्ट दर वर्षी पावसाळ्यानंतर पाहावी. बऱ्याच जुन्या घंटांच्या माथ्यात लोलक अडकवायचा लोखंडी आकडा ओततानाच बसवलेला असतो. खाऱ्या दमट हवेत तो गंजतो, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतून माथ्याला चीर पाडतो. आकड्याभोवती तांबूस ओघळ किंवा केसासारखी रेघ दिसली तर लोलक काढून घ्यावा. आकडा भोक पाडून बाहेर काढणे हे अनुभवी ओताऱ्याचे काम आहे. त्यानंतर लोलक माथ्यातून जाणाऱ्या स्टेनलेस बोल्टवर टांगावा, आणि धातूला धातू भिडू नये म्हणून मध्ये नायलॉनची चकती घालावी.